उंदरासाठी रडलात त्यात लाज कसली, दादा

पत्र:

ताई नमस्कार. मी बडोद्याचाच, दांडिया बाजारात राहतो, वय ४३, एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्स बघतो. मुलगी १२ वर्षांची, इंग्लिश मीडियमला सातवीत. गेले काही महिने ती एकाच टाइपची पुस्तकं वाचतेय, तलवारी घेतलेले उंदीर, मांजरांच्या टोळ्या, घुबडांच्या लढाया असं सगळं. पेरेंट्स मीटिंगला मॅडम म्हणाल्या की यात फार मारामारी असते, जरा वेगळं काहीतरी वाचायला द्या. म्हणून चेक करायला मी तिचं 'रेडवॉल', उंदरांच्या मठाची इंग्लिश कादंबरी, हातात घेतलं आणि रात्री जागून संपवलं. त्यातला म्हातारा उंदीर मेथुसेला मारला जातो तिथे मी रडलो, खूप रडलो. ताई, मागच्या वर्षी माझे बाबा गेले, खासवाडी स्मशानात सगळं मीच केलं, घरातल्यांना सांभाळलं, तेव्हा डोळ्यात पाणी आलं नव्हतं. बायकोने बघितलं, ती काही बोलली नाही. आई म्हणते या वयात उंदरांच्या गोष्टी काय वाचतोस, पोरीला पंचतंत्र दे, त्यातून निदान काही शिकेल तरी. ऑफिसात तर मी कोणाला सांगितलंच नाहीये. आता मुलगी विचारते बाबा दुसरा पार्ट आणायचा ना? मला कळत नाहीये की मी जबाबदारीपासून पळतोय का, आणि तिला हे वाचू द्यावं की नाही.

एक बाबा

उत्तर:

दादा, सगळ्यात आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते म्हणजे मग निवांत बोलता येईल. हो, आणा दुसरा पार्ट. तिला वाचू द्या, तुम्हीही वाचा, आणि रात्री लपूनछपून नको, हॉलमध्ये सगळ्यांसमोर बसून वाचा.

आता त्या रडण्याबद्दल. मॅडम आणि मारामारी हे नंतरचं, तुमच्या पत्रातलं खरं दुखणं इथे आहे असं मला वाचताक्षणी वाटलं. बाबा गेले तेव्हा घरातले मोठे तुम्ही, म्हणजे सगळ्यांनी तुमच्याकडे बघायचं आणि पुढचं तुम्ही ठरवायचं. गुरुजींना फोन, दहावं-तेरावं, डेथ सर्टिफिकेटच्या कॉप्या, बँकेतले नॉमिनीचे फॉर्म, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांची झोपायची सोय, त्यात आईचं बीपी. या सगळ्यात रडायला फुरसतच नसते, आणि मग महिने उलटले की आपणच ठरवून टाकतो की आता रडायची वेळ गेली. आणि मग एका रात्री सगळे झोपलेत, कोणी तुमच्याकडे बघत नाहीये, कुठे सही करायची नाहीये, आणि पुस्तकात एक म्हातारा उंदीर आहे ज्याने मठाच्या जुन्या नोंदी सांभाळण्यात जन्म घालवलाय, तो पोरवयाच्या मॅथायसला, म्हणजे गोष्टीच्या नायक उंदराला, जुनी कोडी सोडवून देतो, त्याच्यावर माया करतो, आणि बरं तो काही लढाईत वगैरे नाही मरत, चोरी करून पळणाऱ्या कोल्ह्याच्या वाटेत येतो आणि एका फटक्यात संपतो. तुम्ही उंदरासाठी रडलात आणि बाबांसाठीही रडलात, दोन्ही एकदमच झालं, आणि मला तरी ते फार चांगलं झालं असं वाटतं. त्याची लाज धरू नका.

तुम्ही म्हणाल पण उंदीरच का, माणसांवरची इतकी पुस्तकं आहेत, सिरीयल आहेत, त्यातही बाप मरतात. मला वाटतं माणसाची गोष्ट वाचताना आपण नकळत सावध असतो, हा कोण, कुठला, आडनाव काय, आपल्यापेक्षा श्रीमंत की गरीब, हा असं का वागला, मी असतो तर असं केलं नसतं, हे सगळं आतल्या आत चालू असतं. उंदराच्या बाबतीत यातलं काहीच विचारायचं नसतं. रेडवॉलचं पहिलं पानच बघा ना, पायात मोठ्या मापाच्या चपला, अंगात ढगळ झगा, फटक फटक आवाज करत मॅथायस मठाच्या ओसरीवरून धावतो आणि थेट मठाधिपतींसमोर पडतो. बस, एवढ्यात आपण त्याचे झालो. आणि पुढे हाच धडपड्या पोरगा सगळ्या मठाचं रक्षण करणार आहे हे आपल्याला आधीच हवंहवंसं वाटायला लागतं.

आणि तुमच्या लेकीसाठी तर यात अजून एक गोष्ट आहे, ती आपल्या बडोद्याच्या मराठी घरातल्या पोरांना जास्त लागू पडते असं मला अगदी मनापासून वाटतं. ती घरी मराठी बोलते, खाली सोसायटीत गुजराती, शाळेत इंग्लिश, मामाकडे पुण्याला गेली की तिथली पोरं म्हणतात तुझी मराठी कशी वेगळीच आहे. इंग्लिश पुस्तकातल्या बोर्डिंग स्कूलच्या गोष्टी वाचल्या तर तिथे ती पाहुणी असते, तिथलं जेवण, हवा, नावं, खेळ, सगळं परकं. पण उंदरांच्या मठात लंडनचा पोरगाही पाहुणाच आणि दांडिया बाजारची पोरगीही पाहुणीच. तिथे मूळचं कोणीच नाही. सगळ्यांनी एकाच उंचीवरून, जमिनीपासून चार बोटांवरून, जग बघायचं, जिथे गवत म्हणजे जंगल, ओढा म्हणजे समुद्र आणि मांजर म्हणजे राक्षस. या मोजमापातच अर्धी जादू आहे. ड्रॅगन नको, जादूची छडी नको, नुसतं अंगाने लहान व्हा, रोजचा रस्ता ओलांडणं हीच मोहीम होऊन बसते. बारा वर्षांच्या पोराला जग असंच दिसत असतं हो, सगळेच आपल्यापेक्षा मोठे, सगळ्यांच्या हातात आपल्यापेक्षा जास्त सत्ता, आणि आपल्याकडे काय तर डोकं, दोन मैत्रिणी आणि थोडी हिंमत.

रेडवॉल कसं लिहिलं गेलं हे तिला माहीत नसेल तर सांगा. ब्रायन जेक्स हे लिव्हरपूलचे, गोदीत काम केलं, जहाजावर काम केलं, ट्रक चालवले, आणि दूध पोचवायचं काम करत असताना तिथल्या अंध मुलांच्या शाळेत दूध द्यायला जायचे. मग त्या मुलांना पुस्तकं वाचून दाखवायला लागले, आणि तिथली पुस्तकं काही त्यांना पटेनात, म्हणून स्वतःच त्या मुलांसाठी गोष्ट लिहिली. त्यांच्या जुन्या मास्तरांनी ते हस्तलिखित त्यांना न सांगताच प्रकाशकाला दाखवलं आणि १९८६ ला पुस्तक आलं, पुढे सगळी मिळून २२ झाली. आता कळलं ना त्या मेजवान्यांची वर्णनं एवढी लांबलचक का आहेत, चीज, स्ट्रॉबेरी, सुकामेवा घातलेले पदार्थ, ताज्या ब्रेडचा वास, घंटेचा आवाज, दगडी भिंतींचा गारवा. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांना ते सगळं नाकाला, जिभेला, कानाला मिळावं म्हणून. दुष्ट उंदीर क्लूनी येतो तेव्हाही आधी त्याच्या शेपटीचा फटकारा ऐकू येतो असं वाटतं. मोठ्याने वाचायचं पुस्तक आहे ते, यावर मी पुढे येते, आईंच्या मुद्द्यापाशी.

जबाबदारीपासून पळतोय का, हे तुम्ही विचारलंत. दादा, मी तुम्हाला आता तुमचं पुढचं पुस्तक सांगते, ते तुम्ही आधी वाचा आणि मग तिला द्या, 'वॉटरशिप डाउन'. रिचर्ड अ‍ॅडम्स नावाचे एक सरकारी अधिकारी, कारने लांबच्या प्रवासाला जाताना दोन मुलींना सशांची गोष्ट सांगत गेले, मुलींनी हट्ट धरला की लिहाच, मग लिहिली, बऱ्याच प्रकाशकांनी नको म्हटलं, शेवटी १९७२ ला निघाली. त्यात फायव्हर नावाच्या छोट्याशा सशाला आतून कळतं की आपलं वारूळ, म्हणजे जमिनीखालची बिळांची वस्ती, नष्ट होणार आहे. खरंच तिथे माणसांनी इमारती बांधायची पाटी लावलेली असते, पण ससे ती वाचू शकत नाहीत. मुखिया ऐकत नाही, आणि फायव्हरचा भाऊ हेझल थोड्या जणांना घेऊन रातोरात निघतो. म्हणजे गोष्टीची सुरुवातच पळण्यापासून आहे. आणि लगेच एक नदी येते. मागच्या जंगलात कुत्रा सुटलाय, ही बातमी बिगविग घेऊन येतो, बिगविग म्हणजे त्यांच्यातला सगळ्यात धिप्पाड, सैनिक. पिपकिन नावाचं एक अगदी लहान सशाचं पिल्लू आणि फायव्हर दोघेही थकलेत, पोहणं शक्य नाही. बिगविगचं म्हणणं सरळ आहे, ज्यांना पोहता येतं त्यांनी चला, बाकीच्यांनी त्यांचं बघावं. हेझल नाही म्हणतो. याला मी घेऊन आलोय तर मीच पार नेणार, एवढंच त्याचं म्हणणं. आता उपाय त्याच्याकडेही नाही, तो काही हुशार ससा नाहीये, तो फक्त हलत नाही तिथून. मग ब्लॅकबेरी, जो खरा डोकेबाज, त्याला काठावर पडलेली एक फळी दिसते, आणि फळी तरंगते हे त्याला सुचतं, बाकीच्या सशांना तर ते समजतही नाही, एकदम जादूच वाटते. त्या फळीवर दोघांना बसवून ढकलत पार नेतात. दादा, यात पळणं कुठे आहे? निघाला पळायला आणि नदीवर पोचेपर्यंत अख्ख्या कळपाचा बाप झाला.

आणि या सगळ्याचा कळस शेवटी येतो, तो मी थोडा सांगणार आहे, माफ करा, पण त्याने तुमची मजा जाणार नाही, वाढेल. जनरल वूंडवॉर्ट म्हणून एक प्रचंड ससा आहे, हुकूमशहा, तो हल्ला करतो. बिगविग एका अरुंद बिळात एकटा त्याला अडवून धरतो, रक्तबंबाळ झालाय, जनरल म्हणतो सोड, वाट दे. बिगविग म्हणतो माझ्या मुखियाने मला ही जागा राखायला सांगितलंय, तो सांगेपर्यंत मी हलणार नाही. आणि जनरल पहिल्यांदा घाबरतो. कारण त्याच्या डोक्यात असं पक्कं की सगळ्यात धिप्पाड तोच मुखिया, म्हणजे हाच मुखिया असणार. हा नाही तर मग याच्याहून मोठा कोणीतरी आत बसलाय! आणि आपल्याला माहितीये की मुखिया म्हणजे तो हेझल, लंगडा, मध्यम चणीचा, ज्याने पिपकिनला मागे सोडलं नाही. जनरलला हे कधीच कळणार नाही कारण त्याच्या जगात जोर म्हणजेच हक्क. मी हे पान कितीही वेळा वाचलं तरी अंगावर काटा येतो. अ‍ॅडम्स दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते, आणि हेझल त्यांनी आपल्या तिथल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यावरून घेतला होता असं त्यांनीच सांगितलंय, म्हणजे ही पोरांसाठी म्हणून रचलेली गोड कल्पना नाही, माणसाने पाहिलेलं आहे ते. आणि ससेही उगाच टोप्या घातलेले ससे नाहीत, रोनाल्ड लॉक्ली यांचा सशांच्या जीवनावरचा अभ्यास वाचून त्यांनी सशांचं खोदणं, पळणं, वास घेणं लिहिलंय. त्यांच्या सशांना चारपर्यंतच मोजता येतं, त्यापुढे सगळं एकच, पुष्कळ.

म्हणून मला तुमच्या त्या पळण्याच्या प्रश्नाचं वाईट वाटलं. घर चालवताय, आईला बघताय, पोरीच्या पेरेंट्स मीटिंगला जाताय, तिची पुस्तकं स्वतः वाचून चेक करताय, आणि रात्री तासभर ससे-उंदरांबरोबर काढले तर त्याला पळणं म्हणायचं? उलट दुबळ्याने कसं उभं राहायचं याचंच तर पुस्तक हातात धरलंय तुम्ही.

मारामारीचं बोलू. मॅडमचं चुकलं असं मी म्हणणार नाही, रेडवॉलमध्ये बरेच जण मरतात आणि काही मरणं कठोर आहेत. पण बारा वर्षांच्या मुलीला मरण माहीत नाही असं आपण धरून चालतो, आणि तुमच्या घरात तर ते मागच्याच वर्षी येऊन गेलंय. तिचे आजोबा गेले ना? तिनेही मेथुसेलाचं ते पान वाचलंय, तुमच्याआधी वाचलंय. तिला विचारा ना तिला तिथे काय वाटलं. आणि तुम्हाला काय वाटलं ते सांगा, रडलो हेही सांगा. मला तर दाट शंका आहे की तिला बाबाकडून हे ऐकायचंच आहे. मॅडमना पुढच्या मीटिंगला शांतपणे सांगा की मी स्वतः वाचलंय, आम्ही घरी त्यावर बोलतो. जो बाप पुस्तक वाचून येतो त्याच्याशी कुठलीही टीचर वेगळं बोलते. फक्त एक करा, वॉटरशिप डाउनचा १९७८ चा कार्टून सिनेमा आहे तो कार्टून आहे म्हणून आधी लावून देऊ नका, त्यात रक्त बरंच आहे आणि डोळ्यासमोर दिसणं हे वाचण्यापेक्षा अंगावर येतं.

मला या पुस्तकांत खटकतं ते रक्त नाही, दुसरंच आहे, आणि ते तुम्ही तिच्याशी बोलायलाच हवं. रेडवॉलच्या जगात लहान जातीचे उंदीर चांगले, ससे चांगले, बॅजर चांगले, आणि कोल्हे, फेरेट म्हणजे मुंगसासारखे लांबट प्राणी, आणि क्लूनीसारखे मोठ्या जातीचे उंदीर जन्मतःच वाईट. अपवाद अगदी थोडे. १९९५ च्या 'आउटकास्ट ऑफ रेडवॉल'मध्ये एक फेरेटचं पिल्लू मठात वाढतं, एक उंदीर मुलगी त्याला आईसारखी वाढवते, ते चोऱ्या करतं, विष घालतं, त्याला हाकलतात, आणि शेवटी तिच्यावर येणारा भाला तेच पिल्लू स्वतःच्या अंगावर घेतं. आणि इतकं होऊनही ती म्हणते की तो वाईटच होता. मला हे अजिबात पटत नाही. कुणाच्या पोटी जन्मला त्यावरून कोण कसा हे ठरवायचं, हे आपल्या देशात आपण पुरेसं भोगलंय. पण म्हणून पुस्तक काढून घेऊ नका, उलट तिलाच विचारा, तुला काय वाटतं, ते पिल्लू वाईट होतं का सगळे त्याच्याकडे आधीपासून तसंच बघत होते? या वयाची पोरं यावर तासभर भांडतात, भांडू द्या.

आणि आता आईंचं पंचतंत्र. आईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की त्यांचं म्हणणं अर्धं शंभर टक्के बरोबर आहे, पंचतंत्र घरात हवंच. पण पंचतंत्रात मारामारी नाही असं मात्र नाही हं. तिसरं तंत्र, म्हणजे तिसरा भाग, काकोलूकीय, कावळे विरुद्ध घुबडं. कावळ्यांचा म्हातारा मंत्री स्थिरजीवी मुद्दाम मार खाऊन घेतो, आपल्याच लोकांनी हाकललं असं नाटक करून घुबडांच्या गुहेत शिरतो, रक्ताक्ष नावाचा एकच घुबड मंत्री ओरडून सांगतो की याला आत्ताच मारा, बाकीचे ऐकत नाहीत, आणि हा घरट्यासाठी म्हणून एकेक काटकी गुहेच्या तोंडाशी रचत जातो आणि दिवसा घुबडांना दिसत नाही तेव्हा पेटवून देतो. अख्खं कूळ संपतं. हेर, किल्ला, फितुरी, वेढा, सगळं आहे, तुमच्या लेकीला सांगून तर बघा, जेवण थंड होईल पण ती उठणार नाही. आणि दुसऱ्या तंत्रात कबुतरांचा राजा चित्रग्रीव सगळ्या थव्यासकट जाळ्यात अडकतो, हिरण्यक उंदीर मित्र म्हणून त्याचे पाश आधी तोडायला धावतो, तेव्हा तो म्हणतो आधी माझ्या माणसांचे तोड, माझे शेवटी. हेझलची आठवण येते की नाही? हा धागा काही इंग्लंडहून आलेला नाही. जटायूच घ्या, रामायणात तो रावणाला अडवतो तेव्हा स्वतःच सांगतो की मी साठ हजार वर्षांचा म्हातारा, आणि तरी रथ मोडतो. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ मध्ये आपल्याच बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने काढली, हे पोरीला सांगितलंत तर तिला किती भारी वाटेल.

फरक एवढाच की पंचतंत्रातला प्राणी नीती सांगायला येतो, त्याचं काम झालं की जातो, तो आतून कसा होता, रात्री घाबरला का, ते आपल्याला कळत नाही. कादंबरीत त्याच्याबरोबर चारशे पानं चालायचं असतं. मुलीला दोन्ही लागतं. म्हणून माझं सजेशन असं की रात्री जेवणं झाली की लेकीने आजीला रेडवॉल सांगायचं, मराठीत, रोज एक प्रकरण, पुस्तक समोर धरून वाचत नाही तर सांगत, नावं आहेत तशीच ठेवायची, अडलं तर बाबाने मदत करायची. आणि आजीने बदल्यात काकोलूकीय सांगायचं. मुळात ऐकण्यासाठीच लिहिलेलं पुस्तक आहे, आजीचे डोळे थकले असतील तर अजूनच बरं. मराठीसाठी वेगळा क्लास लावायची गरज पडणार नाही, आणि उंदरांच्या गोष्टी काय वाचतोस असं म्हणणाऱ्या आजीच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विचारतील, काय गं पुढे त्या क्लूनीचं काय झालं.

तिला लिहायची आवड असेल तर अजून एक. पंचतंत्रात मगर म्हणजे माकडाचं काळीज मागणारी, विश्वासघातकी. आणि आपल्या विश्वामित्रीत तर शहराच्या मधोमध मगरी राहतात, थंडीत काळा घोड्याच्या पुलावरून लोक स्कूटर थांबवून त्यांना ऊन खाताना बघतात, ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांमधे शिरल्या तेव्हा सगळं शहर घाबरलं होतं. पण त्या पुरात मगरीचं काय झालं असेल? पाणी चढलं, काठ गेला, वास बदलले, समोर लिफ्टची जाळी आणि पार्किंगमधली ॲक्टिव्हा. अंड्यातून पिल्लांचा आवाज आला की मगर आई वाळू उकरून त्यांना बाहेर काढते आणि त्याच भयंकर जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते, हे खरं आहे, रचलेलं नाही. म्हणा तिला की या मगरीला हीरो करून लिही. जन्मजात वाईट प्राणी असतो का या तुमच्या भांडणाचं उत्तर ती स्वतःच लिहून काढेल. लिहिलंन तर मला जरूर पाठवा, मला खरोखर वाचायचंय.

पुस्तकं सगळी विकत घ्यायची गरज नाही. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहे ना, सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून सुरू केलेली, तिथे तिला एकदा घेऊन जा. तिथे मराठीत व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' विचारा, ते तुमच्यासाठी, तिच्यासाठी नाही अजून. वानरांच्या टोळीत सत्ता कशी हातची जाते यावर आहे, फॅन्टसी नाही, डोळ्यांनी पाहिलेल्या जंगलातलं आहे, १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे, आणि ऑफिसात कोणी विचारलंच काय वाचताय तर ते टेबलावर ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या शेजारी रेडवॉलही ठेवा. तुमच्या मिसेसना वाचायची इच्छा दिसली तर त्यांना रॉबर्ट ओब्रायन यांचं 'मिसेस फ्रिस्बी अँड द रॅट्स ऑफ निम्ह' द्या, १९७१ चं, त्यात नायिका एक विधवा उंदरीण आहे, मुलाला न्यूमोनिया झालाय आणि शेत नांगरायच्या आत घर हलवायचंय, तलवार नाही काही नाही, आणि तिच्याइतकी शूर नायिका मला फार कमी पुस्तकांत भेटली. आपल्याकडचं हवं असेल तर निलांजना रॉय यांचं २०१२ चं 'द वाइल्डिंग्ज', दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या मांजरांचं, पण ते थोडं थांबून, ती चौदाची वगैरे झाली की, त्यातली शेवटची लढाई कडक आहे.

आणि दुसऱ्या पार्टबद्दल एक सांगून ठेवते नाहीतर घरी आणल्यावर दोघांचाही विरस होईल. रेडवॉलनंतर जे निघालं ते 'मॉसफ्लॉवर', १९८८ चं, पण गोष्ट मागे जाते, मठ बांधला जायच्याही आधी, त्यात मॅथायस नाही. ज्याची तलवार मॅथायस शोधत फिरतो त्या मार्टिनची ती गोष्ट आहे, आणि सुरुवातीलाच त्याची तलवार मोडली जाते. एकच प्रत आणलीत तर पहिला नंबर तिचा, तुम्ही नंतर.